वाहन घेण्यापूर्वी वजनाचा ताळेबंद

दिवाळीचा हंगाम आटोपला, वहीपूजन झाले, उधारीची वसुली मार्गी लागली की व्यापारी घरांत पुढच्या उन्हाळ्यातील प्रवासाचा विषय निघतो. कापडाचा व्यवसाय असलेल्या एका कुटुंबात तो असाच निघाला. मुंबईहून लेहपर्यंत स्वतःच्या वाहनाने जायचे. मुलगा, सून आणि सत्तरीला टेकलेले आईवडील असे चौघे. वाटेत घरचा स्वयंपाक व्हावा आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावे, एवढीच आईंची अट. मुलाने पंचवीस लाखांचा आकडा मांडला : फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, छतावर तंबू, मागच्या भागात स्वयंपाकघर. वडिलांनी शांतपणे विचारले, "माल तपासलास, की नुसता नमुना पाहिलास?"

प्रश्न मार्मिक होता. मुंबई ते दिल्ली सुमारे १,४०० किलोमीटर, दिल्ली ते मनाली साधारण ५४० आणि मनाली ते लेह सुमारे ४३०. यातील बहुतांश रस्ता डांबरी आहे. लेहच्या टॅक्सीतळावर उभ्या असलेल्या इनोव्हा गाड्यांना चारही चाकांची ओढ नसते. तरी त्या हंगामभर याच रस्त्यांवर धावतात. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनाची खरी गरज लागते ती बर्फ वितळून रस्त्यावर आलेल्या ओढ्यांत, चिखलात आणि ताज्या बर्फावर. हे ओढे दुपारी उन्हाने फुगतात, म्हणून जाणते चालक ते सकाळीच ओलांडतात. वेळेचे हे भान कोणत्याही यंत्रणेपेक्षा स्वस्त पडते.

फोर-व्हील ड्राइव्हविषयी एक गैरसमज मात्र जीवावर बेतू शकतो. ही यंत्रणा गाडीला अडल्या जागेवरून बाहेर काढते; गाडी थांबवण्याचे काम तिचे नव्हे. निसरड्या उतारावर थांबणे शेवटी टायर आणि ब्रेक यांच्याच हाती असते. तीव्र उतारावर 'लो रेंज' गिअर उपयोगी पडतो, कारण त्यात गाडी इंजिनाच्या आधारे सावकाश उतरते आणि ब्रेक तापत नाहीत. म्हणून गाडी पाहताना लो रेंज आहे का, जमिनीपासूनची उंची किती आणि टायर कोणते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

चौथा प्रश्न हवेचा. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्यामुळे लक्षणीय घटते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. माणसाच्या फुप्फुसांना असा टर्बो नसतो, हे वयस्कर मंडळींना नेताना विसरू नये.

यानंतर येतो तो मुद्दा, जो विक्रेता सहसा आपण होऊन काढत नाही : वजन. प्रत्येक वाहनाचे कमाल एकूण वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती खरी शिल्लक. या कुटुंबाने खर्चाची बाजू कागदावर मांडली. चार माणसे २८० किलो, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, सामान ६० किलो, छतावरील तंबू व सांगाडा ८० किलो, फ्रिज, जादा बॅटरी, शेगडी, भांडी आणि शिधा मिळून ९० किलो, हत्यारे व दुसरे जादा चाक ५० किलो. एकूण ६२० किलो. मुलाच्या मनात आधी मारुती जिम्नी होती. ती हलकी, काटक आणि लो रेंज असलेली. परंतु तिची वहनक्षमता साडेतीनशे किलोच्या आत. चार माणसे बसली की शिल्लक जवळजवळ संपली! मोठ्या गाड्यांतही हा आकडा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. शिवाय छतावर चढवलेला प्रत्येक किलो गाडीचा तोल वर नेतो आणि घाटातील वळणांवर त्याचे व्याज वसूल होते.

मग कॅम्पर व्हॅन का नको? उभे राहून स्वयंपाक करता येतो, वृद्धांना आडवे होता येते, या तिच्या जमेच्या बाजू. परंतु तिची उंची आणि लांबी अरुंद घाटात अडचणीची ठरते. मालवाहू किंवा प्रवासी गाडीत परस्पर फेरफार करून व्हॅन बनवणे तर धोक्याचेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि परवानगीने केलेल्या बदलाचीही नोंदणीपत्रात नोंद लागते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका आठवतो. ओढ्याचे पाणी इंजिनात शिरून झालेले नुकसानही साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

विश्वासार्हतेचा अर्थही नीट समजून घ्यावा. कधीच न बिघडणारे यंत्र जगात नाही. जिथे बिघडेल तिथे दुरुस्त होऊ शकते, ते वाहन विश्वासार्ह. गुंथर होल्टॉर्फ या जर्मन प्रवाशाने एका मर्सिडीज जी-वॅगनमधून २०१४ पर्यंतच्या पंचवीसहून अधिक वर्षांत सुमारे नऊ लाख किलोमीटर प्रवास केला. ते वाहन आता कंपनीच्या संग्रहालयात आहे. साधी यंत्ररचना आणि मालकाची नित्य देखभाल, हे त्या प्रवासाचे भांडवल होते.

राहता राहिला पैशाचा हिशेब. पंचवीस लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज पावणेदोन लाख. पंधरा टक्के घसारा धरला तर पहिल्या वर्षी आणखी पावणेचार लाख. वाहन वर्षातून पंधराच दिवस प्रवासाला निघणार असेल, तर इंधन न भरताच दिवसाला छत्तीस हजारांहून अधिक खर्च पडतो. गाडी पेढीच्या नावावर घेतली तरी तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावरील जीएसटीची वजावट, मोजके अपवाद वगळता, मिळत नाही. रोजच्या वापरासाठीही तीच गाडी लागणार असेल, तर मात्र गणित बदलते.

अखेर त्या घराने खरेदी एक वर्ष पुढे ढकलली. घरातील टर्बो डिझेल गाडीला नवे टायर घातले. तंबू रद्द झाला, मुक्काम साध्या निवासांत ठरले. शेगडी आणि शिधा तेवढा बरोबर राहिला. रस्ताही बदलला. मनालीच्या वाटेवर सरचूसारखा मुक्काम चार हजार मीटरच्या वर पडतो. श्रीनगरहून कारगिलमार्गे गेल्यास चढ टप्प्याटप्प्याने येतो : श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. डॉक्टरांचा सल्ला घेऊन आईवडिलांसाठी हाच मार्ग निश्चित झाला.

निघण्याच्या आधी सगळे सामान भरून, चौघेही आत बसून गाडी वजनकाट्यावर नेण्याचे ठरले आहे. पिढ्यान् पिढ्या तराजू हाताळलेल्या घराला हे सांगावे लागू नये. पण मुलाने आकडा मांडला त्या संध्याकाळी ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.