निसर्गवाचन : वृक्षांची वल्कले

बालाघाटच्या रानात ज्याला साजा म्हणतात, तो आपल्या वाडवडिलांचा ऐन. त्याचे खोड मगरीच्या पाठीसारखे चौकोनी भेगांनी चिरलेले असते. नदीकाठचा अर्जुन वृक्ष त्याच्याच कुळातला. परंतु त्याची साल फिकट व गुळगुळीत असून तिचे पापुद्रे गळून पडतात. एकाच कुळात अशी दोन वस्त्रे कशी, हे समजण्यासाठी साल घडते कशी ते पाहिले पाहिजे.

कोवळ्या डहाळीवर पातळ अपित्वचा असते. खोड आतून जाड होऊ लागले की तिला तो ताण सोसवत नाही. तेव्हा तिच्या आतील काही जिवंत पेशी पुन्हा विभाजन पावू लागतात आणि बाहेरच्या बाजूस बुचाचे थर रचतात. या पेशींच्या भित्तींत सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य साठते; पेशी मरतात व त्यांच्या पोकळीत हवा उरते. त्यामुळे बूच पाणी झिरपू देत नाही आणि उष्णताही सहज आत सोडीत नाही. श्वसनापुरती वल्करंध्रे तेवढी मोकळी राहतात. पुढे बुचाचे नवे थर अधिकाधिक आत निर्माण होतात. त्यांच्या बाहेरील भागाचे अन्नपाणी तुटून तो वाळतो. ऐनावर हे मृत थर साचून राहतात, अर्जुनावरून ते गळतात.

आता या ज्ञानाचा व्यवहार पाहू. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत मध्य भारतात आहे. थोरला मोह त्यातून तरतो आणि आगीने काही बिघडत नाही, असा समज होतो. वस्तुतः सजीव पेशी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानास मरतात. साल दुप्पट जाड असेल, तर ती झळ आत पोहोचण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. तोवर पाचोळ्याची आग पुढे सरकलेली असते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रोपास मात्र एवढी सवड कोठून मिळणार? त्याची कोवळी साल क्षणात भाजते. असे दरवर्षी घडले, तर म्हाताऱ्या मोहांखाली त्यांची जागा घेणारे तरुण झाड उरणार नाही.

म्हणून वाचकहो, पाचोळा झाडून खताच्या खड्ड्यात टाकावा, अथवा झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतील आणि रोपांना आपले वल्कल विणण्यास चार वर्षे मिळतील.