सायकल घेण्यापूर्वी वाट पाहा

घरात सायकल घ्यावयाची ठरली, की पहिला प्रश्न रंगाचा निघतो आणि दुसरा किमतीचा. खरे पाहता पहिला प्रश्न वाटेचा असावयास हवा. ही सायकल कोण चालविणार, कोणत्या रस्त्याने चालविणार आणि तिच्यावर काय वाहून नेणार, या तीन प्रश्नांची उत्तरे घरीच ठरवून जो दुकानाची पायरी चढतो, त्याचा पैसा सहसा वाया जात नाही.

जबलपूरच्या अधारताल वस्तीचेच उदाहरण घेऊ. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावावरून या वस्तीला हे नाव पडले. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथेच आहे. एका बाजूस खमरिया व रांझी भागांतील सरकारी कारखान्यांकडे जाणारे डांबरी रस्ते, दुसऱ्या बाजूस पनागरकडे पसरलेली काळ्या मातीची शेते, आणि मधल्या वस्तीत अरुंद, वर्दळीच्या गल्ल्या. एवढ्याशा परिसरात सायकलीच्या तीन निरनिराळ्या परीक्षा होतात.

आता समजा, येथील एका घरात तीन माणसांना सायकल हवी आहे. वडील कारखान्यात जातात, थोरला मुलगा शेतातील भाजी बाजारात आणतो, आणि बारा वर्षांची मुलगी शाळेत जाते. तिघांना एकच सायकल पुरेल काय?

वडिलांची वाट सरळ व पक्की आहे. अशा रस्त्यावर अरुंद टायर आणि त्यात भरपूर हवा असली, म्हणजे चाक हलके फिरते. मातीत पकड घेण्यासाठी केलेले जाड, खडबडीत टायर डांबरावर नुसतेच घरघरतात आणि चालविणाऱ्याचे श्रम खातात. मात्र शर्यतीच्या सायकलीचे बोटभर रुंदीचे टायरही येथे नकोत. एक खड्डा चुकला नाही, तर रिम वाकण्याची भीती. मध्यम रुंदीचे टायर, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी शहरी सायकल त्यांना योग्य होय. पाळी रात्रीची असेल, तर पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक हवाच.

मुलाचे काम ओझ्याचे आहे. येथे आपली जुनी काळी, २८ इंची चाकांची सायकलच खरी सोबतीण. तिचे वजन वीस किलोच्या घरात असते, हे खरे. परंतु तिची लांब बैठक, मजबूत कॅरिअर आणि दोन पायांचे स्टँड यांमुळे ती भाजीच्या पाट्या किंवा दुधाच्या किटल्या घेऊन स्थिर उभी राहते. १९५०च्या दशकापासून सोनीपत, आसनसोल, लुधियाना येथील कारखान्यांतून निघालेल्या अशा सायकलींनी देशाच्या खेड्यापाड्यांचा भार वाहिला आहे. पण तिच्या मर्यादाही जाणाव्यात. पावसाळ्यात काळी माती टायर व मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते आणि चाकच अडवून धरते. अशा वेळी सायकल दामटू नये. खाली उतरून काडीने चिखल काढावा. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची पकडही ढिली पडते, म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा बरेच आधी दाबावा.

गिअरचा मोह पुष्कळांना पडतो. त्याचे गणित सोपे आहे. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर २८ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम; चढावर मात्र पाय जड होतात. पुढेमागे सारखेच दाते असणारा गिअर लावला, तर २६ इंची चाकाची सायकल एका फेऱ्यात दोनच मीटर जाते. वेग जातो, पण चढ सुसह्य होतो. मदनमहालच्या टेकडीकडे किंवा भेडाघाटकडे जो वारंवार जातो, त्याला गिअर उपयोगी. रोज सपाट रस्त्याने शाळा-बाजार करणाऱ्याला ते केवळ जपावयाचे एक वाढते काम. पुढे-मागे स्प्रिंगा बसविलेल्या स्वस्त सायकलींचेही तसेच. खडकाळ वाटेवर स्प्रिंग धक्के सोसते. सपाट रस्त्यावर ती वजन वाढविते आणि पायांचा काही जोर स्वतःच गिळते.

राहिली मुलगी. सर्वांत अधिक चुका येथेच होतात. "वाढते अंग आहे, मोठीच घेऊ," असे म्हणून आपण कपड्यांचा नियम सायकलीला लावतो. पण सैल झग्याने कोणी पडत नाही. मोठ्या सायकलीवरून मूल पडते. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत शिकलेल्या पिढीला त्याचे कौतुक असेल, परंतु आजच्या वाहनांच्या गर्दीत ते धोक्याचे आहे. मध्य प्रदेश शासनाच्या योजनेत, शाळा दुसऱ्या गावी असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यांना सहावीत १८ इंची आणि नववीत २० इंची सायकल दिली जाते. वय वाढले की माप वाढावे, हे तत्त्व त्यात आहे.

माप घरीच पाहता येते. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहावे. पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि दांडी अंगाच्या निदान तीन बोटे खाली राहिली पाहिजे. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेले असता गुडघा किंचित वाकलेला असावा. ब्रेकची मूठ मुलीच्या बोटांत सहज मावते की नाही, हेही तिलाच दाबावयास सांगून पाहावे. झुकत्या दांडीची सायकल घेतली, तर पोशाख कोणताही असो, चटकन उतरता येते.

तात्पर्य, तिघांना एक सायकल पुरणार नाही. आणि पैसा एकीपुरताच असेल, तर ती कोणाची घ्यावी? वडिलांना सहकाऱ्याची सोबत मिळेल, मुलाला भाड्याची गाडी करता येईल. मुलीला मात्र सायकल नसली, तर पुष्कळदा शाळाच सुटते, आणि सुटलेली शाळा पुढल्या वर्षी विकत मिळत नाही. म्हणून पहिली सायकल तिच्या मापाची घ्यावी. ती शाळेतून परतल्यावर भावाने बाजाराची पिशवी तिच्यावर लावली, तर कोणाचे काही बिघडत नाही!