सेटअप शीटच्या वरच्या चौकटी

रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतींवर साहित्याच्या अध्यापकाने लिहावे, हे काहींना खटकेल. विषय खेळण्यांचा म्हणून तो बाजूला सारणाऱ्यांनी या क्षेत्रातला एक कागद एकदा तरी पाहावा, एवढीच विनंती. त्याला ‘सेटअप शीट’ म्हणतात. खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराच्या ‘टूरिंग कार’ची एका विशिष्ट शर्यतीतली संपूर्ण जुळणी त्या पानावर नोंदलेली असते. स्प्रिंगा किती कडक, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले सिलिकॉन तेल किती दाट, चाकांचा आतला कल दीड अंश की दोन, तळपट्टी जमिनीपासून पाच मिलिमीटर वर की साडेपाच, सस्पेन्शनच्या आधारांखाली अर्ध्या मिलिमीटरच्या किती चकत्या, असे सगळे. नामवंत चालकांची अशी पत्रके स्पर्धेनंतर सर्वांना खुली होतात. नोट्सची वही कुणाला दाखवायची नाही अशा वातावरणात शिकलेल्या आपल्या पिढीला हे औदार्य थक्क करणारे वाटावे.

प्रश्न आहे तो हे पत्रक वाचायचे कसे, हा. पानाच्या अगदी वर काही चौकटी असतात. धावपट्टी डांबराची की कार्पेटची, पकड कमी की जास्त, तापमान किती, टायर कोणते. नवशिके या चौकटी ओलांडून थेट आकड्यांवर जातात आणि इथेच फसतात. कारण खालचा प्रत्येक आकडा वरच्या चौकटींना दिलेले उत्तर असतो; प्रश्न गाळून उत्तर पाठ केले की त्याचा अर्थच उरत नाही.

युरोपात हिवाळ्यात बंद सभागृहांमध्ये कार्पेट अंथरून शर्यती होतात. तिथे पकड इतकी असते की भर वेगात वळताना गाडी घसरण्याऐवजी चक्क उलटते. मग चालक पुढच्या टायरांच्या कडेला झटपट चिकटणारा गोंद फासून ती कड गुळगुळीत करतो, म्हणजे पकड मुद्दाम कमी करतो! स्प्रिंगा कडक ठेवतो, गाडी जमिनीलगत आणतो. उलट बँकॉकसारख्या ठिकाणी उन्हात तापलेल्या डांबरावर चिंता असते ती वेगळीच. पाच मिनिटांच्या फेरीत टायर फार तापले, तर शेवटच्या मिनिटाला गाडीची शेपूट सुटू लागते. दोन्हीकडचे चालक तितकेच कुशल, त्यांची पत्रके मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

माझ्या भाच्याने एका विजेत्याचे कार्पेटवरचे पत्रक मिळवून आमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल कोर्टावर जसेच्या तसे वापरले. सिमेंट, त्यावर धुळीचा थर. पहिल्याच वळणावर गाडीने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि सिमेंटच्या सांध्यावर तळपट्टी खरवडून घेतली. ‘पण मामा, हे जिंकलेलं सेटअप आहे!’ ही त्याची तक्रार ऐकताना मला आपल्या परिसंवादांची आठवण झाली. संरचनावादापासून उत्तर-वसाहतवादापर्यंत किती पत्रके आपण अशीच उतरवून घेतली. ती कोणत्या भाषेतल्या, कोणत्या ग्रंथव्यवहारातल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे होती, ही वरची चौकट एम.ए.च्या वर्गात आपण कितीदा भरून घेतो? विद्यार्थी संज्ञा अचूक लिहितात, गुण मिळवतात, आणि समोरची कविता मात्र गिरकी घेऊन बाजूला पडते.

अर्थात याचे उत्तर ‘आमची धावपट्टी वेगळी, आमचे नियमही वेगळे’ हे नव्हे. देशीवादाच्या नावाने असा सोयीचा युक्तिवाद करणारे अनुयायी आपल्याकडे कमी नाहीत. मागच्या आधाराखालची चकती काढली की मागचे रोल सेंटर खाली येते आणि वळणात गाडीचे अंग अधिक कलते. हे बँकॉकला घडते तसेच बास्केटबॉल कोर्टावरही घडते. ठिकाणानुसार बदलते ते प्रमाण. आणि प्रमाण कळायला एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा कंटाळवाणा संयम लागतो. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गाडी का सुधारली हे कधीच कळत नाही. ती बिघडली तर तेही नाही.

भाच्याच्या गाडीत आणखी एक दोष निघाला. ती उजवीकडे छान वळे, डावीकडे कुरकुरे. त्याने रिमोटवरचे ट्रिम दोन घरे सरकवून ती सरळ पळवली आणि काम झाले असे मानले. प्रत्यक्षात वरच्या पट्टीचे स्क्रू असमान आवळल्याने सांगाड्यालाच पीळ पडला होता. दोन पुढच्या चाकांवर सारखे वजन येत नव्हते. ट्रिमने दोष झाकला गेला होता, इतकेच. मग गाडी सपाट काचेवर ठेवून सगळे स्क्रू ढिले केले, सांगाडा तळहाताने दाबून धरला आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत पुन्हा आवळले.

त्यानंतर आम्ही कोरे पत्रक घेतले. वरच्या चौकटी आधी भरल्या : सिमेंट, धूळ, पकड कमी, सकाळी साडेसात. खालचे रकाने भरायला तीन रविवार लागले. मागची स्प्रिंग एक पायरी मऊ झाली, मागच्या चाकांचा आत वळलेला कोन अडीचवरून तीन अंशांवर गेला. तेलाचा रकाना अजून पेन्सिलीतच आहे.