‘लाइफटाइम’ वॉरंटी, पण कुणाच्या लाइफची?

एकावर एक फ्री! साबण नव्हे, टी-शर्टही नव्हे, चक्क माउंटन बाइक. 2023च्या शेवटी कोना या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीनं अशी ऑफर खरोखर काढली होती. वाचून वाटतं, काय नशीबवान लेकाचे! पण जरा थांबा. हजारो डॉलरची वस्तू कुणी जोडीवर वाटायला लागलं, तर आधी त्याच्या घरात काय चाललंय ते बघावं.

चाललं होतं ते असं. 2020मध्ये लॉकडाउन लागलं, जिम बंद झाल्या आणि अमेरिका-युरोपात लोक सायकलींवर तुटून पडले. दुकानं रिकामी झाली. शिमानोचे गिअर मिळायला वर्ष-वर्ष थांबावं लागायचं. मग दुकानदारानं डोकं चालवलं : दहा हव्यात ना, वीस सांगू, म्हणजे दहा तरी येतील. डिस्ट्रिब्युटरनं त्यावर आणखी चढवल्या. कंपन्यांनी ते फुगलेले आकडे खरे धरले आणि कारखान्यांना ऑर्डरी दिल्या. सगळा माल येऊन धडकला तोवर ज्याला सायकल हवी होती त्यानं ती कधीच घेतलेली होती. गोदामं फुल, कर्जावरचं व्याज वाढतंय आणि शेजारची कंपनी किमती पाडून विकतेय. करणार काय?

मग एकेक विकेट पडायला लागली. ऑक्टोबर 2023मध्ये ब्रिटनमधली ऑनलाइन विक्रीतली बडी कंपनी विगल चेन रिॲक्शन बुडीत निघाली. डिसेंबर 2024मध्ये कॅनडाच्या रॉकी माउंटननं देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. त्याच महिन्यात जीटीनं नवी मॉडेलं थांबवून असलेला साठा विकायचं ठरवलं. 2025मध्ये जर्मनीच्या वायटीचा नंबर लागला.

कोनाचं काय झालं? 1988मध्ये सुरू झालेली ही कंपनी 2022मध्ये आउटडोअर वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या ग्रुपनं घेतली होती. एप्रिल 2024मध्ये कॅलिफोर्नियातल्या सी ऑटर या सायकल फेस्टिव्हलमधून कोनाचा स्टॉलच गुंडाळला गेला आणि कंपनी विकायला काढल्याचं जगाला कळलं. महिन्याभरात तिच्या मूळ संस्थापकांनीच ती परत विकत घेतली. भारी ना? पण सगळ्यांच्या नशिबी असा शेवट नसतो.

‘लोकांचा सायकलीतला इंटरेस्टच गेला’ असं आता काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ट्रेलवरची माणसं रातोरात गायब झालेली नाहीत, चुकला तो हिशेब. आणि वर्षानुवर्षं या धंद्यानंच तर आपल्याला शिकवलं की, जुनी बाइक म्हणजे भंगार. 26 इंची चाक जाऊन साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची आली. हबची रुंदी बदलली, ॲक्सल बदलले. आता त्याच नियमानं गोदामातल्या कोऱ्या बाइकही ‘जुन्या’ झाल्या, राव!

रायडरला याचा फटका कुठे बसतो? सूट दिसते, वॉरंटी दिसत नाही. फ्रेमवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ लिहिलेलं असतं. ते लाइफ तुमचं नसतं, कंपनीचं असतं. कंपनी बुडाली आणि कुणी तिचं नुसतं नाव विकत घेतलं, तर नवा मालक जुनी वॉरंटी पाळेलच असं नाही. ऑनलाइन पैसे आधी भरलेत आणि बाइक यायची आहे? मग बँकेचं देणं भागेपर्यंत तुम्ही रांगेत पार मागे.

त्याहून वैताग म्हणजे सुटे भाग. तुमची बाइक साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली असेल, तर कोपऱ्यावरचा सायकलवाला तिला बरीच वर्षं चालती ठेवेल. आपल्याकडे कॉलेजला नेतात त्या बहुतेक ‘एमटीबी’ अशाच. पण फुल सस्पेन्शनच्या मागच्या भागातल्या लिंक आणि पिव्हट बऱ्याचदा त्या-त्या मॉडेलपुरतेच असतात. मागचा डिरेल्युअर ज्यावर बसतो तो इवलासा हँगरसुद्धा पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा असायचा. दगडावर आपटून तो वाकला आणि कंपनी उरली नसेल, तर लाखाची बाइक भिंतीला टेकून उभी. 2019मध्ये स्रॅम कंपनीनं सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही कार्बन फ्रेमपेक्षा हा चिमुकला तुकडा रायडरच्या जास्त कामाचा आहे.

तेव्हा इंटर्नशिपचे पैसे साठवून इम्पोर्टेड बाइक घेणार असाल, सेलमधली किंवा सेकंडहँड, तर जरूर घ्या. वाटाघाटीला वाव आहे. फक्त रंग आणि वजन विचारायच्या आधी हँगर कुठला, बेअरिंग कुठल्या साइझचे आणि वॉरंटी इथला इम्पोर्टर देतो की परदेशातली कंपनी, एवढं विचारा. आणि बिल करतानाच दोन जादा हँगर पिशवीत टाकायला लावा.