आपल्याच पोरांकडून हार

ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग प्रशिक्षक क्रेग बेलामी याच्या संघाचा सामना बघायला बसलं की अर्धं लक्ष त्याच्याकडेच जातं. काचेमागे बसलेला, चेहरा लालबुंद, तोंडाचा पट्टा सुरू. आवाज ऐकू येत नाही हे आपलं नशीब. संघ पुढे असला तरी हाच अवतार.

रग्बी लीगमध्ये तेरा-तेरा गडी असतात आणि सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला. म्हणजे पडायचं, उठायचं, पुन्हा धडकायचं. बेलामी खेळाडू म्हणून अशाच कष्टकरी जातीचा. १९८२ ते १९९२ कॅनबेरा रेडर्समध्ये राबला, १९९० चं विजेतेपदही मिळालं, पण लोक मैदानावर यायचे ते कर्णधार माल मेनिंगाला बघायला.

ब्रिस्बेनला प्रशिक्षक वेन बेनेटच्या हाताखाली उमेदवारी करून २००३ मध्ये तो मेलबर्न स्टॉर्मचा प्रशिक्षक झाला. नव्या खेळाडूंना तो सरावाआधी अंगमेहनतीच्या मजुरीला पाठवतो. सकाळी लवकर उठून दिवसभर राबायचं, म्हणजे तिकीट काढून येणारा माणूस कसा जगतो ते कळतं. मला ही शिक्षा वाटत नाही. त्यानं स्वतःचीच जात पोरांना शिकवली.

२००८ ते २०१० तो राज्यांच्या दरवर्षीच्या मालिकेत न्यू साउथ वेल्सचाही प्रशिक्षक होता. समोर क्वीन्सलँड, आणि त्यांचा प्रशिक्षक मेनिंगा. राज्यांच्या या लढतीत क्लब बघत नाहीत, मूळ राज्य बघतात. त्यामुळे स्टॉर्ममध्ये बेलामीनंच घडवलेले कॅमेरॉन स्मिथ आणि बिली स्लेटर तिकडून खेळले. तिन्ही मालिका तो हरला. इतकं चोख शिकवायचं आणि त्याचाच मार खायचा!

२०१० मध्येच दुसरा घाव बसला. लीगनं घातलेली पगारमर्यादा चुकवण्यासाठी स्टॉर्मच्या कारभाऱ्यांनी दुहेरी हिशेब ठेवले होते. २००७ आणि २००९ ची विजेतेपदं गेली, आणि चालू हंगामात कितीही जिंका, गुण शून्य. तरी पोरं खेळत राहिली. मला विचाराल तर बेलामीचा खरा कस त्या निरर्थक सामन्यांत लागला.

२०१२ मध्ये स्टॉर्म पुन्हा विजेते झाले. त्याच वर्षी क्वीन्सलँडनं सलग सातवी मालिका जिंकली, शेवटचा सामना २१-२० असा एका गुणानं. निर्णायक किक मारली कूपर क्रॉंकनं, तोही बेलामीच्याच तालमीतला. फक्त यावेळी न्यू साउथ वेल्सच्या हरणाऱ्या खुर्चीत रिकी स्टुअर्ट होता, कॅनबेराच्या त्याच जुन्या संघातला.