वॉरंटीचा बाऊ कशाला?

मा. संपादक,

‘गाडी बाहेर उघडली, की वॉरंटी गेली, दोष मालकाचाच’ हा आपल्या अंकातील लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे हे त्याचे मोठे कारण. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. बिघाड त्या चुकीच्या कामानेच झाला असेल, तर गोष्ट वेगळी. दंडावर पुढे अपिले झाली, पण लेखकाने या आदेशाचा उल्लेखही करू नये?

‘वेळेवर सर्व्हिसिंग करा’ हा लेखातला सल्ला शहरात सोपा आहे. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किलोमीटरांहून दूर. पर्लकोटा नदीला पूर आला, की आलापल्लीचा रस्ता बंद. तारीख हुकते ती त्यामुळे, आळसाने नव्हे. मी गाडी सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा जॉब कार्डवर न लिहिलेली कामे बिलात निघाली. जुने भाग मागितले, तर ‘फेकले’ म्हणाले. संमती न घेता केलेल्या कामाचे पैसे मालकाने का द्यावेत?

तक्रारीसाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागते, हे लेखातले म्हणणेही खरे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. आमच्यासाठी तो गडचिरोलीत आहे. ही दुरुस्ती ठळकपणे छापावी.

— एक वाहनमालक, भामरागड