अबाया, गाडीची किल्ली आणि आपण

पहिल्या वर्षी हॉस्टेलला आले तेव्हा रूममेटने विचारलं, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "मूळची नाशिकची, पण शाळा सौदीत झाली." झालं! पुढचा प्रश्न ठरलेला. "अय्या, मग बुरखा घालायला लागायचा?"

आता शेवटचं वर्ष चालू आहे, पण हा प्रश्न काही संपला नाही. मेसच्या रांगेत विचारला गेला, सबमिशनच्या धावपळीत विचारला गेला, एकदा तर खुद्द वायवाला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारला. (रिअॅक्टर डिझाईनचे प्रश्न त्यामुळे कमी झाले, ही गोष्ट वेगळी!) प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

बाबा जुबैलला एका केमिकल प्लँटमध्ये नोकरीला. जुबैल म्हणजे सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं औद्योगिक शहर. १९७५ मध्ये सरकारने खास मंडळ नेमून ते वसवायला घेतलं. आम्ही २०११ ते २०२२ तिथे होतो, म्हणजे माझी दुसरी ते बारावी. तिथे आम्ही 'अजनबी'. हा शब्द आपल्याला हिंदी गाण्यांमुळे फार रोमँटिक वाटतो. अरबीत त्याचा साधा अर्थ परदेशी माणूस.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. आपण सगळ्यालाच बुरखा म्हणतो. तिथे अबाया म्हणजे नेहमीच्या कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा. डोक्यावरचा रुमाल वेगळा, त्याला तिकडे 'तरहा' म्हणतात, आणि चेहरा झाकणारा तो निकाब. अबाया परदेशी बायकांनाही चुकत नव्हता, मग धर्म कुठलाही असो. निकाबाची सक्ती आमच्यावर नव्हती. आई साडीवर अबाया चढवून भाजी आणायला जायची. मला सातवीत पहिला अबाया मिळाला. खरं सांगू? पहिले दोन दिवस मोठं झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी एस्केलेटरमध्ये त्याचं टोक अडकलं आणि कौतुक संपलं.

आणि झाकलेले काही बायकाच नसतात हो! पुरुषांचा पांढरा थोबसुद्धा घोट्यापर्यंत, डोक्याला गुत्रा, त्यावर काळं कडं. फरक इतकाच की पुरुष शर्ट-पँट घालून बाहेर पडला तर त्याला कोणी हटकत नसे.

हीट ट्रान्सफरवाल्यांना इथे हमखास शंका येते, की एवढ्या उन्हात काळा रंग कशाला? १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर एक शोधनिबंध आला होता. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे घालतात, म्हणून काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची भर उन्हात तुलना केली गेली. काळं कापड जास्त तापतं हे खरं, पण झगा सैल असल्यामुळे आतून हवा खेळते आणि ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आतच निघून जाते. शरीराला मिळणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच निघाली. अर्थात हे मोकळ्या वाळवंटातल्या झग्यांचं. जुबैलच्या दमट ऑगस्टमध्ये पॉलिएस्टरच्या अबायात काय होतं ते मला विचारा!

रोजचं जगणं मात्र तुम्हाला वाटतं तेवढं काही विचित्र नव्हतं. रविवारी शाळा असायची. सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती, ती २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. अजान झाली की दुकानांची शटरं खाली. बाबांचं सामान ट्रॉलीत तसंच राहायचं आणि आम्ही गाडीत एसी लावून अर्धा तास बसायचो. (२०२१ पासून नमाजाच्या वेळीही दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली.) हॉटेलात दोन दारं होती, एक पुरुषांचं आणि एक 'फॅमिली'चं. फॅमिलीत पडदे लावलेले कप्पे, त्यात बसून खब्स आणि कबाब. दोन दारांचं हे बंधन २०१९ च्या डिसेंबरात उठलं. गणपती आमच्याकडे पाच दिवस बसायचा, पण दार लावून. आरती हळू आवाजात आणि टाळ्या त्याहून हळू.

शेजारी एक सौदी कुटुंब होतं. तिथे बाईला तिच्या मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, 'उम्म' म्हणजे आई आणि पुढे मुलाचं नाव. आपल्याकडे चाळीत 'बंड्याची आई' म्हणतात ना, अगदी तसंच. मी त्यांना काकूच म्हणायचे. बाहेर दिसल्या तर फक्त डोळे. घरात गेलं की जीन्स, केसांना तांबूस रंग, उदाचा घमघमाट आणि मोठमोठ्याने हसणं. आई पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी वेलचीची गहवा आणि खजूर पुढे केले. कप इवलासा, आणि रिकामा झाला की परत भरायच्या. नको असेल तर कप हातात हलवायचा असतो, हे आईला कोण सांगणार? बिचारी सात कप प्यायली. रात्रभर झोप नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते.

२०१५ ची गोष्ट. बाबांच्या प्लँटचा शटडाऊन चालू होता आणि ते नाईट शिफ्टला. रात्री अकराच्या सुमारास धाकट्या भावाला दम लागला. चार वर्षांचा पोर, ओठ निळसर पडायला लागलेले. बाबांचा फोन लागेना, प्लँटमध्ये आत मोबाईल नेता येत नाही. आई त्याला उचलून गाऊनवरच बाहेर धावली आणि तिने काकूंचं दार वाजवलं. काकूंनी एका नजरेत ओळखलं. स्वतःचा एक अबाया आईच्या अंगावर टाकला, पोराला मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला फोन लावला. त्यांचे मिस्टर रियाधला गेले होते. ड्रायव्हर आपला केरळचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

आम्ही दारात उभे. समोर काकूंची मोठी जीप. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली, मला अजून दिसते. आईने नाशिकला दहा वर्षं स्कूटी चालवली होती, मामाची मारुतीही चालवायची. पण त्या देशात कुठल्याच बाईला लायसन्स मिळत नव्हतं, देशी नाही आणि परदेशीही नाही. दोन शहाण्यासुरत्या बाया, दारात गाडी, भिंतीवर किल्ली, आणि आम्ही एका पुरुषाची वाट बघत होतो. चाळीस मिनिटं.

भाऊ वाचला. आता अकरावी-बारावीच्या वयाचा आहे आणि माझ्यापेक्षा उंच झालाय. पण त्या रात्रीचं आईला नंतर कोणी विचारलं, तर ती अबायाबद्दल तक्रार करत नाही. उलट म्हणते, "गाऊनवर होते, बरं झालं मिळाला." तिचा राग त्या खिळ्यावरच्या किल्लीवर आहे.

म्हणून मला वाटतं, की आपण परदेशातून बघणारे लोक चुकीच्या ठिकाणी बघतो. कापड डोळ्यांना दिसतं, त्याचा फोटो निघतो, त्यावर वाद घालता येतो. किल्ली कोणाच्या हातात आहे ते फोटोत येत नाही. सौदीत बाईला पासपोर्ट काढायला, प्रवासाला जायला घरातल्या पुरुषाची परवानगी लागायची. नवरा, बाप, कधी भाऊ, कधी तर स्वतःचा मुलगा! त्या सहीपुढे झग्याचा रंग ही फार छोटी गोष्ट आहे.

याचा अर्थ कपड्याची सक्ती चांगली होती असं मी म्हणत नाही. २०१४ मध्ये खोबरच्या एका मॉलमध्ये दाढीवाल्या एका गृहस्थाने आईच्या उघड्या केसांकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत आरडाओरडा केला. आई त्या दिवशी काही न घेता घरी आली. घरात कोणी तिच्याशी कधी तशा आवाजात बोललं नव्हतं. आणि हे तर काहीच नाही. २००२ च्या मार्चमध्ये मक्केतल्या मुलींच्या एका शाळेला आग लागून १५ मुली गेल्या. डोकं झाकलेलं नाही म्हणून धर्म-पोलिसांनी मुलींना बाहेर पडताना अडवलं, असं तेव्हा सौदी वर्तमानपत्रांनीच छापलं. सरकारी चौकशीने ते नाकारलं, पण त्यानंतर मुलींच्या शिक्षणाचा कारभार धार्मिक खात्याकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिला गेला. सक्ती कुठवर जाऊ शकते, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

पण उलट बाजूची सक्तीही असते. ट्युनिशिया हा अरब देशच, तिथे १९८१ पासून सरकारी कचेऱ्या आणि शाळांत डोक्यावरच्या रुमालाला बंदी होती. ती २०११ च्या क्रांतीनंतरच सुटली. फ्रान्सने २०२३ मध्ये सरकारी शाळांत अबायावर बंदी आणली. एक म्हणतो घाल, दुसरा म्हणतो काढ. त्या मुलीला कोणी विचारलं का? आणि 'अरब बायका' म्हणून एकच चित्र डोळ्यांपुढे आणू नका. सौदीच्याच असीर डोंगराळ भागात बायकांचा जुना पोशाख रंगीबेरंगी भरतकामाचा, वर गवताची रुंद टोपी. ओमानचे पारंपरिक कपडेही असेच झगझगीत. (आणि इराण अरब देश नाही, हे तरी कृपया लक्षात ठेवा. दर वेळी मला तिथल्या बातम्यांबद्दल विचारतात.)

पुढे काय झालं? २०१६ मध्ये धर्म-पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला गेला. २४ जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली. २०१९ मध्ये २१ वर्षांवरच्या बायकांना स्वतःचा पासपोर्ट काढता येऊ लागला. परदेशी बायकांची अबायाची सक्तीही याच काळात सुटली. २०२३ मध्ये रय्याना बर्नावी ही सौदी शास्त्रज्ञ अंतराळ स्थानकावर जाऊन आली. नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढवून ३० टक्क्यांवर न्यायचं लक्ष्य २०३० साठी होतं, ते कितीतरी आधीच ओलांडलं गेलं. हे सगळं माझ्या शाळेच्या वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर बदलायला लागलं, म्हणून 'तिकडे काहीच बदलत नाही' म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

मात्र टाळ्या वाजवतानाही थोडं थांबावं. ज्या बायका गाडीचा हक्क मागत होत्या, त्यांच्यातल्या लुजैन अल-हथलूलसारख्यांना परवानगी मिळायच्या महिनाभर आधीच पकडलं. लुजैन २०२१ मध्ये सुटली. १९९० मध्ये रियाधच्या रस्त्यावर ४७ बायकांनी गाड्या चालवून दाखवल्या होत्या, त्यांच्याही वाट्याला शिक्षाच आली होती. मागितलं तर तुरुंग, दिलं तर बक्षीस! आणि लग्नासाठी बाईला पुरुष पालक लागतो, हे २०२२ च्या कायद्यातही कायम आहे. म्हणजे सगळ्या किल्ल्या अजून मिळालेल्या नाहीत.

काकूंनी २०१९ मध्ये लायसन्स काढलं. पहिल्या दिवशी आमच्या दारात येऊन हॉर्न वाजवत बसल्या. आईला आणि मला घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर तीन चकरा मारल्या. चेहऱ्यावर निकाब होताच. मी आगाऊपणे विचारलं, "आता हा पण काढणार का?" त्या म्हणाल्या, "हा माझा आहे. ती माझी नव्हती." 'ती' म्हणजे गाडी. त्यांची मुलगी मात्र निकाब घालत नाही, राखाडी रंगाचा पुढून उघडा अबाया आणि खाली स्पोर्ट्स शूज. त्यावरून मायलेकींची कडाक्याची भांडणं होतात. होऊ देत! घरातली भांडणं घरातच मिटतात. पोलीस मध्ये आला नाही म्हणजे झालं.

एक कबुली द्यायला हवी. मी तिथे पाहुणी होते. मला परतीचं तिकीट होतं. २०१७ पासून परदेशी कुटुंबांवर माणशी दरमहा १०० रियाल फी बसली, ती दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाली. आमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी झाली, लोक बायकामुलांना भारतात ठेवून एकटे राहू लागले. तो आमचा त्रास होता. पण त्या मुलींना जायला दुसरा देश नव्हता. म्हणून त्यांच्या वतीने निकाल द्यायचा अधिकार मला नाही, आणि तिथे कधीच न गेलेल्यांना तर नाहीच नाही.

आता शेवटचं. इकडे आले तेव्हा वाटलं होतं, चला, सुटलो! अबाया सुटला खरा. पण पहिल्याच आठवड्यात एका फॉर्मवर बाबांची सही लागली. रात्री बाहेर राहायचं तर पालकांचं पत्र, गावाला जायचं तर पालकांचा फोन. मुलींचं गेट साडेआठला बंद, मुलांचं साडेदहाला. लायब्ररी दहापर्यंत उघडी असते, ती कोणासाठी? 'तुमच्याच सुरक्षेसाठी' असं सांगतात. सर आणि मॅडम, रागावू नका, पण अगदी हेच वाक्य मी जुबैलमध्ये ऐकलेलं आहे, गाडीच्या बाबतीत. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला कळतं. इथे मी हा लेख लिहू शकते आणि तो छापूनही येतो, हाच केवढा मोठा फरक! पण वाक्य तेच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, पुढच्या वेळी 'तिकडे बुरखा घालायला लागायचा?' असं जरूर विचारा. मी 'हो' म्हणेन. पण त्याच्या जोडीला हेही विचारा, की रात्री अकराला भावाला दम लागला तर दाराशेजारची किल्ली कोण उचलू शकत होतं? आणि आपल्या गेटची किल्ली कोणाकडे आहे, तेही एकदा बघून या.

— एक विद्यार्थिनी, अंतिम वर्ष, केमिकल